विषण्ण कुशाबाई

मंचरच्या पेठेत जिनेशचं कापडदुकान आहे. दर तीन महिन्यांनी एका दुपारी तिथल्या गादीवर साड्यांऐवजी साहित्य उलगडायचं, कारण जिनेश 'पाणंद' या त्रैमासिकाचा संपादकही होता. 'पाणंद'चा नियम एकच: जे छापायचं ते आधी बैठकीत मोठ्यानं वाचायचं, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या तोंडावर. नियम फार चांगला. त्यामुळे झालं असं की, आजवर 'पाणंद'मध्ये कुणाबद्दल वावगं अक्षर छापून आलं नव्हतं. निमगाव साव्याचे कवी गेणभाऊ तर प्रत्येक पुस्तकावर 'काळजाला हात घातला' असंच लिहीत. एवढ्या काळजांना हात घालून त्यांचा हात दुखला कसा नाही, कोण जाणे.

अवसरी बुद्रुकची प्राची या मंडळीत सगळ्यात नवी. ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायची. आधी ती 'पाणंद'मध्ये कविता लिही, आणि त्यांनाही काळजाची पावती मिळे. कुठं चुकतंय हे कुणी म्हणून सांगितलं नाही, आणि कविता उभ्या उभ्या वाळून गेल्या. त्याचा राग तिच्या मनातून गेला नव्हता. म्हणून भगवंत सरांच्या नव्या कथासंग्रहाचं परीक्षण तिच्याकडं आलं, तेव्हा तिनं ठरवलं की खरं तेच लिहायचं.

पण सर म्हणजे साधं काम नव्हे. निरगुडसरचे निवृत्त शिक्षक, प्राचीलाही त्यांनीच शिकवलेलं. मेथीची जुडी घेतानासुद्धा पुस्तकातल्यासारखं बोलत. त्यांच्या तोंडून 'व्हतं' कधी कुणी ऐकलं नव्हतं. त्यातून हा अंक त्यांच्या पंचाहत्तरीचा.

जिनेशनं परीक्षण आधीच वाचलं होतं आणि त्याला घाम फुटला होता. बैठकीआधी तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "प्राचीताई, हे नका वाचू. चार चांगले शब्द लिहून द्या. नायतर गेणभाऊंचा लेख तयार आहेच."

"छापायचं तर असंच छापा, जिनेशभाऊ. नाहीतर मी परत काही लिहिणार नाही," प्राची म्हणाली. म्हणाली खरी, पण हातातले कागद तिनं उगाच दोनदा सारखे केले.

सर आले, लोडाला टेकले. प्राचीनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर सरांच्या निरीक्षणाचं कौतुक होतं, ते तिनं मनापासून केलं होतं. मंडळी माना डोलावत होती. मग ते वाक्य आलं.

"'या संग्रहातली कुशाबाई भर उन्हात कांदे काढता काढता शेजारणीला सांगते, माझे मन विषण्ण झाले आहे. हे ऐकून शेजारीण तिला थेट दवाखान्यात नेईल. सरांना कुशाबाईचं दुःख दिसलं आहे, पण तिचा आवाज त्यांनी ऐकलेला नाही.'"

डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबल्या. जिनेश उगाच एका ताग्याची घडी मोडून पुन्हा घालू लागला.

गेणभाऊ उसळले. "पोरी, सायित्याची भाषा येगळी असती! आपुन बोलतो तसं लिव्हायचं नसतं!"

"भाऊ, तुमचं हेच वाक्य पुस्तकात आलं असतं ना, तर मी दोनदा वाचलं असतं," प्राची म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

सरांचा चेहरा लाल झाला होता. ते सावकाश म्हणाले, "ठीक आहे. दोष दाखवणे सोपे असते. कुशाबाई काय म्हणाली असती, ते सांग."

आता आली का पंचाईत! प्राचीनं डोळे मिटले. अवसरीच्या रानात कांदे काढणाऱ्या चुलतीची वाकलेली पाठ तिला दिसली, आणि तिचे हात आपोआप पात धरून उपटू लागले.

"कशातच जीव लागंना बया," ती बोलली. "कांदा उपटतीया, पर हे हातच माजं न्हाईत जनू. घरी जाऊ वाटंना, अन् हितंबी ऱ्हाऊ वाटंना."

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला झंपराचं कापड बघत बसलेल्या प्रयागबाईंनी चटकन मागं वळून पाहिलं. बैठकीचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं. हातातलं कापड तसंच टाकून त्या गादीपाशी आल्या.

"अगं बया, कुनाचा जीव लागंना? काय झालंय त्या बाईला?"

सर प्रयागबाईंकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"जिनेश," ते म्हणाले, "हे परीक्षण सगळ्यात पुढे घे. एक अक्षर बदलायचे नाही. आजवर माझी कुशाबाई कशी आहे, असे मला कुणी विचारले नव्हते."

"मग माझा लेख?" गेणभाऊ म्हणाले, आणि मग स्वतःच हात झटकून हसले. "ऱ्हाऊ द्या राव. हितं पोरीनंच काळजाला हात घातला."

या वेळी ते खरं होतं. प्राचीला इतका आनंद झाला की हसावं का रडावं ते कळेना.

प्रयागबाई मात्र हटायला तयार नव्हत्या. "आवं पन त्या बाईचं काय झालं, ते सांगशीला का न्हाई?"

सरांनी सरकून त्यांना गादीवर जागा करून दिली.

"बसा," ते म्हणाले. "सांगतो. आमच्या निरगुडसरात एक कुशाबाई व्हती…"