जूनचा शेवटचा आठवडा

हॅस्केट रँचचा फॉर्म दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीला टपालाने येतो. एकच पान. नाव, वय, उंची, वजन, घोडेस्वारी किती येते, आणि सगळ्यात खाली, कशाची भीती वाटते का. या पानावरून रँचची मालकीण ट्वायला हॅस्केट कोणाला कुठला घोडा द्यायचा ते ठरवते. आठवडाभर घोडेस्वारी करायला आलेले पाहुणे रविवारी दुपारी वायोमिंगला पोहोचतात, तेव्हा त्यांचे घोडे खोगीर घालून कुंपणापाशी उभे असतात.

वजनाच्या रकान्यात लोक खोटं लिहितात. ट्वायलाला ते माहीत आहे, म्हणून ती प्रत्येकाच्या आकड्यात वीस पौंड मिळवते आणि मग घोडा निवडते. पहिल्या वर्षी मी एकशे एक्कावन्न लिहिलं होतं, कारण मी एकशे एक्कावन्नच होते. मला जी घोडी मिळाली तिची पाठ जेवणाच्या टेबलाएवढी रुंद होती. सहा दिवस मी पाय फाकवून चालत होते आणि माझा नवरा हार्लन जो भेटेल त्याला त्याचं कारण सांगत होता. जाताना ट्वायलाने तिच्या वहीत माझ्या नावापुढे खूण केली. "मार्क्वार्टबाई खरं सांगतात," ती म्हणाली, "आता लक्षात ठेवायला हवं."

त्यानंतर आमच्या घरी एक पद्धत पडली. नाताळला मुलं आली की मी न्हाणीघरातला वजनकाटा स्वयंपाकघरात आणायची आणि सगळ्यांना रांगेत उभं करायची. जेवणाच्या आधी. जेवणानंतर वजन करायचं नाही, असं माझ्या मुलीने, जनेलने, मतदान घेऊन ठरवलं होतं. मी एकतीस वर्षं नेब्रास्कातल्या एका प्रयोगशाळेत शेतातल्या मातीचे नमुने तपासले. अंदाजाने आकडा लिहिणं मला जमत नसे.

जूनचा शेवटचा आठवडा आमचा होता. हॅस्केट रँचवर आठवडे असेच वाटलेले असतात. एखाद्या कुटुंबाने एक आठवडा धरला की तो त्यांचाच, जोपर्यंत पंधरा जानेवारीच्या आत चार नावं भरून येतात तोपर्यंत. नाही आली, तर तो प्रतीक्षायादीतल्या पुढच्या कुटुंबाकडे जातो आणि परत मिळत नाही. हार्लन गेल्यावर ट्वायलाने दोन वर्षं आमचा आठवडा न विचारता राखून ठेवला. या वर्षीच्या फॉर्मला तिने एक चिठ्ठी जोडली होती. "इडेला, यापुढे मला राखता येणार नाही. ओहायोचं एक कुटुंब सात वर्षं थांबलंय."

मी माझी ओळ भरली. मग रॉइस, जनेल आणि जनेलचा मुलगा टोबिन, अशी तीन नावं लिहिली. त्यांच्या पुढचे रकाने रिकामे राहिले. तीन नाताळ झाले, स्वयंपाकघरात काटा आणला नव्हता.

रॉइस फिनिक्सला असतो. त्याचा घरोघरी एसी बसवायचा धंदा आहे.

"वजन?" तो म्हणाला. "आई, तू या वयात मला विकायला काढतेस की काय?"

"रँचच्या फॉर्मसाठी."

"अच्छा. दोनशे लिही."

"खरं किती?"

"दोनशे तीस. पण हे ट्वायलाला सांगू नकोस, मला नांगराचा घोडा देईल."

मी हसले. तोही हसला. मग तो म्हणाला, "आई, जून म्हणजे आमच्याकडे एकशे बारा फॅरनहाइट. लोक रात्री दोन वाजता फोन करून रडतात."

"एकच आठवडा, रॉइस."

"नाव तर घालून ठेव. बघू."

रॉइस लहानपणापासून 'बघू' म्हणतो. दात घासायलाही म्हणायचा.

जनेल कॅन्सस सिटीला असते. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलली नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"आई, खरं सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग."

"मला तिथे कधी आवडलंच नाही. घोड्यांजवळ गेले की माझे डोळे सुजतात. रोज सकाळी दोन गोळ्या घ्यायचे मी."

"मला वाटायचं धुळीने होतं."

"धूळ इथेही आहे. मी बाबांसाठी यायचे. ते कुंपणावर बसून इतके खूश दिसायचे, की म्हटलं जाऊ दे."

सव्वीस उन्हाळे ते डोळे माझ्यासमोर होते. शिवाय ते दरवर्षी रविवारी सुजायचे आणि शनिवारी उतरायचे. कोणी असा नमुना माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी पाच मिनिटांत कारण सांगितलं असतं.

"टोबिनला तरी विचार," मी म्हणाले. "त्याला घोडे आवडायचे."

"तूच विचार." तिने फोन कोणाकडे तरी दिला.

"हॅलो," एक पुरुषी आवाज आला.

"कोण, डग का?" डग माझा जावई.

"आजी, मी टोबिन आहे."

मी त्याला उंची विचारली. पाच फूट सात इंच. तो सांगेपर्यंत मी फॉर्मवर चार फुटांचा चार लिहूनही टाकला होता, पेन्सिलने. तो खोडला.

"बिस्किट आहे का अजून?" त्याने विचारलं. बिस्किट म्हणजे त्याचा घोडा.

"आहे. म्हातारा झालाय."

"मी बसलो तर माझे पाय जमिनीला लागतील." मग तो म्हणाला, "आजी, जूनमध्ये माझं बेसबॉल असतं. या वर्षी मला टीममध्ये घेतलंय. म्हणजे खरंखुरं घेतलंय, नुसतं बाकावर बसायला नाही."

"वा! मग ते सोडायचं नाही," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते लगेच निघालं, आणि ते खरंही होतं.

तेरा तारखेला मी फॉर्म पुरा केला. रॉइस, दोनशे तीस. जनेल, एकशे पन्नास. टोबिन, एकशे तीस. सगळ्यांपुढे लिहिलं, घोडेस्वारी चांगली येते. कशाची भीती वाटते का, याच्यापुढे चार वेळा 'नाही'. पाकीट बंद करून टपाल कचेरीपर्यंत चालत गेले. बर्फ टाचेखाली करकरत होता. खिडकीपाशी माझ्यापुढे कोणी नव्हतं, त्यामुळे विचार बदलायलाही वेळ मिळाला नाही.

मी स्वतःला सांगत होते, आधी आठवडा वाचवू, माणसं नंतर जमवू.

सोमवारी दुपारी ट्वायलाचा फोन आला.

"इडेला, यातलं खोटं तू सांगतेस की मी सांगू?"

मी खुर्ची ओढून बसले.

"अगं, सव्वीस वर्षं तुझे फॉर्म बघतेय. तू पोरांच्या उंचीत पाव इंचसुद्धा लिहितेस. आणि आज तिघांचीही वजनं शून्यावर संपतात? हे तू मोजलेलं नाहीस. येतंय कोण?"

"मी."

"आणि?"

"रॉइस म्हणाला, बघू."

"ओहायोवाले आता पाच जण झालेत. दोन वर्षांपूर्वी चार होते." ती म्हणाली. "मी कोणाला पुरावा मागत नाही, इडेला. चार नावं आली, माझ्या नियमात बसली. तू म्हण, की येणार आहेत. मी मान्य करते आणि फोन ठेवते. पण जूनमध्ये तीन घोडे कुंपणापाशी उभे राहतील आणि तू त्यांच्याकडे बघत चौथ्यावर बसशील. ते तुला झेपेल का, एवढं सांग."

स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरत होता. मी तो थांबेपर्यंत थांबले.

"दे त्यांना," मी म्हणाले.

"नीट म्हण. मला वहीत लिहायचंय."

"मार्क्वार्टांचा जूनचा शेवटचा आठवडा सोडला."

पेनाचा आवाज फोनवर येत नाही, पण तिचं लिहून होईपर्यंत मी तो कानाशी धरून ठेवला.

"आता बूट," ट्वायला म्हणाली. जुनी कुटुंबं आपले घोडेस्वारीचे बूट तिच्या खोगिरांच्या खोलीतच ठेवून जातात, फळीवर. आठवडा सोडला की फळीही सोडावी लागते. "पाच जोड आहेत. पाठवू?"

"टोबिनचे ओहायोच्या पोराला होतील का?"

"त्यांच्या मोठ्या मुलीला होतील."

"मग देऊन टाक. रॉइसचे आणि जनेलचेही, ज्याला होतील त्याला."

"हार्लनचे?"

हार्लनचा पाय अकरा नंबरचा, डावा उजव्यापेक्षा जरा मोठा. तो डावा बूट पाण्यात भिजवून सैल करायचा.

"तुझ्या कामावरच्या कोणाला बसतात का बघ," मी म्हणाले. "पाठवू नकोस."

"बरं. आणि तुझे? सप्टेंबरमध्ये एकट्यादुकट्यांचा आठवडा असतो, मुलंबाळं नसतात. नदीकाठची लहान केबिन आहे, एका खाटेची. लोक बरे असतात. पहिल्या दिवशी न्याहारीला जरा जास्त बोलतात."

मला न्याहारीला बोलणारी माणसं आवडत नाहीत. हे ट्वायलाला माहीत आहे.

"माझे राहू देत," मी म्हणाले.

संध्याकाळी मी रॉइसला फोन केला. आठवडा सोडलाय, हे त्याला सांगणं भाग होतं.

"का?" तो म्हणाला. "अगं, मी येणारच होतो! माणसं बघत होतो दुकान सांभाळायला."

"हो, असशील."

"बाबांचा आठवडा होता तो, आई. एवढी काय घाई होती?"

त्याच्या आवाजात राग होता, आणि रागाच्या खाली सुटल्यासारखा एक श्वास होता. मला दोन्ही ऐकू आले. यातलं कुठलं किती, हे मी ठरवायला गेले नाही.

"मग आता तू काय करणार?"

"सप्टेंबरमध्ये जाणार आहे."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

मागे कुठेतरी त्याचा टीव्ही चालू होता, कोणीतरी हसत होतं.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "पोहोचलीस की फोन कर. रोज रात्री कर."

"तिथे फोन लागत नाही, रॉइस."

"लागत नाही?"

"नाही," मी म्हणाले. "तू अकरा उन्हाळे तिथे होतास."