चमच्याने वरणभात

अवंतिकाने चौथा कुडता डोक्यातून खाली ओढला, केस सारखे केले आणि पुन्हा उन्मेषच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“आता दिवाळी,” प्रमोदिनीकाकू मोबाइल डोळ्यांसमोर धरून म्हणाल्या. “उन्मेष, तू तिच्याकडे बघ. अवंतिका, तू कॅमेऱ्याकडे नाही गं बघायचं! कितीदा सांगू?”

“मी नव्हते बघत.”

“बघत होतीस. चोरून.”

बाहेर कॅनडातल्या रिचमंड हिलच्या त्या गल्लीत फेब्रुवारीचा बर्फ कमरेएवढा साचला होता. म्हणून राखीपौर्णिमेच्या फोटोपासूनच काकूंनी पडदे ओढून घेतले होते. सोफ्यावर संक्रांतीची काळी साडी, नाताळचा लाल स्वेटर, उन्मेषचे तीन झब्बे असा सगळा वर्षाचा संसार एका रविवारी दुपारी पसरला होता.

हा उद्योग इमिग्रेशनच्या पत्रामुळे उपटला होता. अवंतिका पुण्याची, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर, सहा वर्षांपासून कायमची रहिवासी, म्हणजे पीआर. उन्मेष नागपूरचा, ब्रॅम्पटनच्या कॉलेजात शिकायला आलेला आणि आता तिथल्याच एका वेअरहाऊसमध्ये कामाला. त्याचं वर्क परमिट मेमध्ये संपत होतं. गेल्या जूनमध्ये दोघांनी नागपूरला जाऊन लग्न केलं आणि परत आल्यावर तिने त्याला स्पॉन्सर करायला अप्लाय केलं. पंधरा दिवसांपूर्वी पत्र आलं: विवाह खरा असल्याचे अधिक पुरावे पाठवा, तीस दिवसांच्या आत.

आता पुरावे आणायचे कुठून? लग्नाच्या अल्बममध्ये तीनशे पाहुणे होते, पण नवरा-नवरी दोघंच आहेत असा एकही धड फोटो नव्हता. प्री-वेडिंग शूटला दोघांनीही नको म्हटलं होतं, आणि तेव्हा तो मोठा शहाणपणा वाटला होता. घास भरवतानाचा एक फोटो होता, पण ऐन वेळी फोटोग्राफर “इकडे बघा, इकडे!” म्हणून ओरडला आणि दोघांनीही इमानदारीने तिकडे बघितलं. जिलबी उन्मेषच्या नाकाला लागलेली. असा फोटो बघून कुठल्या अधिकाऱ्याला प्रेम दिसणार?

तेव्हा घरमालकीण प्रमोदिनीकाकू मदतीला धावल्या. त्या वर राहायच्या, ही दोघं त्यांच्या बेसमेंटमध्ये. काकूंचे यजमान जनार्दनकाका चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना जुन्या हॉलिवूडचं वेड, तेही मूकपटांच्या काळातलं. दिवाणखान्याची एक भिंत त्या काळच्या जोड्यांच्या चित्रांनी भरलेली होती. कोणी कोणाच्या खांद्यावर रेललंय, कोणी आगगाडीच्या खिडकीतून हात देतंय. काकूंनी आधी नवऱ्याच्या या वेडाला नाकं मुरडली आणि आता त्याच रोज ती चित्रं पुसत होत्या.

“पोजेस मी सांगते,” त्या म्हणाल्या होत्या. “भिंतीवर सगळं आहे.”

आणि खरंच, दुपारपासून त्या भिंतीकडे बघून बघून दोघांना उभं करत होत्या.

“हात धर त्याचा,” काकू आता म्हणाल्या. “घट्ट. गाडी सुटतेय आणि तो चाललाय असं समज.”

अवंतिकाने उन्मेषचा उजवा हात घट्ट धरला. त्याचा हात झटका बसल्यासारखा मागे गेला. पुढच्याच क्षणी त्याने तो परत दिला, तिच्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत असं काही आणलं की काकू “वा!” म्हणाल्या.

पण तो झटका अवंतिकाला लागला होता. माझा हात नको झालाय याला, तिच्या मनात आलं. आणि हे बघणं? हे कुठून आणतो हा?

“चहा टाकते,” काकू म्हणाल्या. “मग संक्रांत.”

उन्मेष कपडे बदलायला आत गेला. अवंतिका भिंतीसमोर उभी राहिली. मधोमध एक मोठं चित्र होतं. कुरळ्या केसांचा एक देखणा पुरुष, आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून वर बघणारी मोठ्या डोळ्यांची बाई.

“यांचे नऊ सिनेमे एकत्र,” काकू कप घेऊन आल्या. “लोक वेडे झाले होते. का सांगू? घरी नवरा मान वर करून बघायचा नाही. मग निदान पडद्यावर तरी कोणीतरी कोणाकडे बघतंय, ते बघायला बायका जायच्या. बोलणं नाहीच ना त्यात. सगळी मदार बघण्यावर.”

“खरंच प्रेम होतं यांचं?”

“छे गं! तोंड बघायचे नाहीत एकमेकांचं. स्टुडिओवाले मुद्दाम दोघांना जेवायला पाठवायचे आणि मागे फोटोवाला. आमचे हे सांगायचे, एकदा त्याला सणकून ताप होता, आणि तसाच दिवसभर मिठ्या मारत होता तिला. नंतर तिला कोणी विचारलं तर म्हणे, मला वाटलं शूटिंगचे दिवे तापलेत.”

काकू स्वतःच खळखळून हसल्या. अवंतिकाला हसू आलं नाही. तिने पुन्हा चित्राकडे बघितलं. त्या पुरुषाच्या नजरेत खोट कुठे दिसते का ते ती शोधत होती, आणि काही केल्या दिसत नव्हती.

संशय काविळीसारखा असतो, एकदा झाला की सगळं पिवळंच दिसतं. अवंतिकाला तो पत्राच्या दुसऱ्या दिवशी झाला, ऑफिसातल्या सुमेधाच्या एका वाक्याने. “तू नीट बघितलंयस ना गं?” सुमेधा जेवताना म्हणाली होती. “ही मुलं झेंड्यावरच्या मेपलच्या पानाशी लग्न करतात, आपल्याशी नाही.” अवंतिकाने तेव्हा तिला झटकून टाकलं. पण तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून नवऱ्याकडे बघत होती, आणि बघायला लागल्यावर काय, सापडतच गेलं.

पूर्वी तो पहाटे कामावर निघण्याआधी तिच्या गाडीवरचा बर्फ खरवडून ठेवायचा. हल्ली नुसतं इंजिन सुरू करून जात होता. पूर्वी पोळ्या त्याच्याकडे होत्या, हल्ली रोज भात. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे चमचा. नागपूरचा हा माणूस, वरणभात तूप घालून मनगटापर्यंत कालवणारा, गेले पंधरा दिवस टेबलावर बसून चमच्याने वरणभात खात होता! साहेब झाला होता. तिच्या हातचं वरण आता त्याला हाताने खावंसंसुद्धा वाटत नव्हतं. पण विचारायचं धाडस होत नव्हतं, कारण विचारलं आणि तो खरं बोलला तर?

संक्रांत आणि नाताळ उरकून दोघं चारच्या सुमाराला खाली बेसमेंटमध्ये आली. काकूंनी बावीस फोटो पाठवले होते. अवंतिका लॅपटॉप उघडून बसली. सकाळी तिने कुकर लावला होता, उन्मेष वरण गरम करायला ओट्याशी गेला.

कामच तिचं चुका शोधण्याचं. ती अधिकाऱ्याच्या नजरेने एकेक फोटो मोठा करून बघू लागली. पहिल्या फोटोत तिचा स्वतःचा डोळा कॅमेऱ्याकडे गेलेला. दुसऱ्यातही. राखीपौर्णिमा, गणपती, दिवाळी, सगळीकडे तीच, कोणी आपल्याला पकडतंय का हे बघितल्यासारखी चोरटी नजर. उन्मेष मात्र प्रत्येक फोटोत तिच्याकडे बघत होता. एकाही फोटोत त्याची नजर हललेली नव्हती.

हे बघितलं तर अधिकारी मलाच पकडेल, तिला वाटलं.

मग तिला ते दिसलं. गणपतीच्या फोटोत उन्मेषच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट एकत्र बांधलेलं होतं, कातडीच्या रंगाच्या चिकटपट्टीने. तिने दिवाळी उघडली. पट्टी. नाताळ. पट्टी. सहा महिन्यांच्या सगळ्या सणांना ती एकच पट्टी, तिचं एक टोक तसंच सुटलेलं. दिवाळीच्या फोटोत तर अवंतिकाच्या मुठीतून ती दोन बोटं बाहेर आली होती, सुजून टम्म.

ती उठून ओट्याशी गेली.

“उन्मेष, हात दाखव.”

“काय झालं?”

“उजवा.”

त्याने हात पुढे केला. बोटं निळी पडली होती.

“हे कधी झालं?”

“झाले पंधरा दिवस. मालाच्या पॅलेटखाली बोट आलं. बारीकशी चीर आहे म्हणे हाडाला. वॉक-इन क्लिनिकमध्ये बांधून दिलं नं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगणार होतो. पण त्याच दिवशी ते पत्र आलं. तू इतकी घाबरून गेलती, म्हटलं आता हे अजून काहून सांगू.” त्याने वरण ढवळलं. डाव्या हाताने. “मग वाटलं, दिसेलच नं तुला.”

दिसेलच नं तुला. पंधरा दिवस तिने त्याचे डोळे तपासले होते, फोन तपासला होता, दारातून आत येताना त्याचा चेहरा तपासला होता. रोज ती समोर बसून त्याला चमच्याने जेवताना बघत होती. दिवे तापलेत असं वाटलेली ती मोठ्या डोळ्यांची बाई बरोबर तिच्या डोक्यावर, वरच्या मजल्याच्या भिंतीला टांगलेली होती. अवंतिकाला इतकी लाज वाटली की तिने त्याचा हात सोडला.

पण संशय असा लाजेने मरत नाही. तो तिथेच होता, आणि आता विचारलं नाही तर कधीच विचारता येणार नाही हे तिला कळत होतं.

“एक विचारते. खरं सांग. पीआरसाठी केलंस का लग्न?”

उन्मेषने शेगडी बंद केली. लगेच “नाही” म्हणाला असता तर तिचा विश्वास बसला नसता.

“थोडं तर होतंच,” तो म्हणाला. “तुझ्या स्थळाच्या माहितीत कॅनडा लिहिलेलं पाहूनच बाबांनी फोन केला होता. खोटं काहून बोलू?”

तिने मान हलवली. दुखलं, पण जिथे दुखेल असं वाटलं होतं तिथे नाही.

“आणि आता?”

त्याने हनुवटीने वर, छताला लागून असलेल्या त्या वीतभर खिडकीकडे खूण केली.

“तुला यायला उशीर झाला की मी इथे उभा राहून पाहतो. इथून गाड्यांची फक्त चाकं दिसतात. तुझे विंटर टायर ओळखतो मी. शेजाऱ्याचेही तेच आहेत, पण तुझ्या मागच्या चाकाची टोपी गेलेली आहे.”

तिला ते माहीत नव्हतं. तिची स्वतःची गाडी, आणि टोपी गेल्याचं तिला माहीत नव्हतं.

“मी आईच्या फोनला कंटाळून हो म्हटलं होतं,” ती म्हणाली. “रोज रात्री तेच. कधी करणार, कधी करणार.”

“मालूम आहे. तुझ्या आईनेच सांगितलं मला.”

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला ती लॅपटॉपकडे गेली. सगळे बावीस फोटो निवडले आणि पुसून टाकले.

“अवंतिका! काय करून राहिली? काकूंनी तीन तास घालवले!”

“सहा महिने एकच पट्टी आहे त्यात. आणि मी प्रत्येक फोटोत चोरासारखी दिसतेय.”

“मग पाठवायचं काय?”

“पंधरा दिवस आहेत अजून. बघू.”

आणि ते खरं होतं, तिला काहीही सुचत नव्हतं. अधिकाऱ्याला काय चाकाची टोपी पाठवायची?

उन्मेषने दोन ताटं घेतली. भात वाढला, वरण वाढलं, तूप घातलं, आणि खण उघडून स्वतःसाठी चमचा काढला. अवंतिकाने तो त्याच्या हातातून घेतला आणि परत खणात टाकला. त्याचं ताट स्वतःपुढे ओढून ती भात कालवू लागली. वरण चटके बसण्याइतकं गरम होतं. तिने घास केला, त्यावर फुंकर घातली.

उन्मेष तिच्याकडे बघत होता, फोटोतल्यासारखाच.

“काकूंना बोलवू का खाली?” तो म्हणाला. “फोटो काढतील.”

“गप,” ती म्हणाली. “आ कर.”