कोऱ्या बाटल्या

लग्नाआधीच शिंपिणीने होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. एचआयव्ही आहे, औषध चालू आहे, गोळ्या चुकल्या नाहीत तर तुला लागण व्हायची नाही. तो म्हणाला, "मला चालतंय. फक्त घरात बभ्रा नको." मग गोळ्यांची प्रत्येक नवी बाटली दोघं गरम पाण्यात बुडवत आणि तिच्यावरचं लेबल तो स्वतः नखाने खरवडून काढी. तेही हसत-खिदळत. प्रेमात माणसं असली अक्कल पाजळतात.

पुढे पटेनासं झालं आणि तिने मुलीला घेऊन वेगळं व्हायचं ठरवलं, तेव्हा त्याने सरळ पोलीस ठाणं गाठलं. म्हणे, बायकोने आजार लपवला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! तपासणीत तो ठणठणीत निघाला. पण कायद्याला लागण झालेलीच हवी असं नव्हतं, नुसता धोका पुरेसा होता. आणि पुरावा? त्या कोऱ्या बाटल्या. "लपवायचं नव्हतं, तर लेबलं का काढली?" सरकारी वकिलाने विचारलं. तिचं खरं उत्तर तिच्याच कानांना खोटं वाटलं.

उरली सासू. पातेल्यात तरंगणारी बाटली आणि लेबल खरवडणारा मुलगा तिने एकदा पाहिला होता. ती गॅस बारीक करून निघून गेली होती. ती खरं बोलली असती, तर सून सुटली असती, नात आईजवळ राहिली असती.

साक्षीला उभी राहून सासूने चष्मा पुसला. "व्हिटॅमिनच्या गोळ्या म्हणायची. त्यालाही तेच सांगायची."

शिक्षा झाली. तुरुंगाच्या गाडीची वाट पाहत शिंपीण कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती, तिथे सासू आली आणि तिने हातात बाटली कोंबली. "जेवल्यावर घे. एकही चुकवू नकोस. चुकली तर आजार पुन्हा डोकं वर काढेल."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं, आई."

"माझा एकुलता एक आहे गं तो. त्याला खोटा कसा पाडू?"

तेवढ्यात पोलीसबाई आली. तिने बाटली फिरवून पाहिली. "नाव नाही, गाव नाही. कसल्या गोळ्या या?"

"आई, तुम्ही तरी सांगा ना यांना."

सासूने मुलाकडे पाहिलं. तो जिन्यापाशी वकिलाशी बोलत उभा होता.

"व्हिटॅमिन आहेत," ती म्हणाली.

"मग काय अडतंय त्यांच्यावाचून?" म्हणत पोलीसबाईने बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.