अर्ध्यात तुटणारी नावं

घनसावंगीकडच्या एका साखर कारखान्यात शिवकन्या आणि मी एकाच कॉम्प्युटरवर काम करायचो. खोलीत सतत मळीचा वास, खिडकीबाहेर उसाच्या बैलगाड्या. तो वास कुठंही आला की मला अजून शिवकन्या आठवते.

१९९९ च्या हंगामात गेटवरचा कॉम्प्युटर आमच्याकडे प्रत्येक गाडीची एक ओळ पाठवू लागला. गाव=घनसावंगी नाव=मच्छिंद्र, अशी. शिवकन्येच्या प्रोग्रामनं त्यातून गाव आणि नाव वेगळं काढून यादी छापायची. ती वाचून रखमाजी लाउडस्पीकरवरून गाड्यांना वजनकाट्यावर बोलवायचा.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. रखमाजी बदनापूरचा, इकडं नवखा. यादीत होतं तसं तो "कुंभार, आबाराव" पुकारत राहिला. कुंभार नावाचं गावच नाही आणि आबाराव तर यार्डात बरेच. कुणी उठेना. कुंभार पिंपळगावच्या गाड्या दुपारपर्यंत तशाच उभ्या.

शिवकन्येनं ओळी तपासल्या. मोकळी जागा दिसली की प्रोग्राम तिथंच तोडायचा. 'कुंभार' ठेवायचा, 'पिंपळगाव' टाकून द्यायचा. मी म्हणालो, गावाचे दोन्ही शब्द जोडून लिहायला सांगू, मिटलं.

"अन् माणसांचं?" ती म्हणाली. "सगळ्यांची नावं अर्धीच येऊन राह्यलीत, बापाचं नाव गळून."

मग तिनं गेटवाल्यांना बरोबरच्या चिन्हापुढचा मजकूर अवतरणचिन्हांत घालायला लावला. त्या चिन्हांच्या आत मोकळी जागा आली तरी तोडायचं नाही, असा बदल प्रोग्राममध्ये केला. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. उन्हं कलताना नवी यादी निघाली.

"कुंभार पिंपळगाव, आबाराव धुळाजी," रखमाजीनं पुकारलं.

आबाराव गाडी सोडून थेट आमच्या खिडकीशी आला. उशीर झाल्याबद्दल बोलणार, असं वाटलं. पण त्यानं सांगितलं ते वेगळंच. धुळाजी त्याचे वडील. दरवर्षी ऊस तेच आणायचे. पावसाळ्यात वारले.

"एकडाव पुन्हा पुकारा म्हणावं," तो म्हणाला. "पुरं नाव."

शिवकन्या स्वतः उठून रखमाजीकडे गेली. नाव पुन्हा यार्डभर घुमलं. आबारावनं टोपी काढून ते ऐकलं, मग बैलांना हाकत तो काट्याकडे गेला.

त्या हंगामात पुन्हा कुणाचं नाव तुटलं नाही. पुढच्या वर्षी शिवकन्या हैदराबादला नोकरीला गेली. यार्डात आता ट्रॅक्टरच जास्त येतात.