भिंतीवरचं पापलेट

मी पापलेट बोलतोय. नाक दाबू नका, मी खाण्यातलं नाही. मी आठ तारांचं मँडोलिन आहे, फक्त अंग पापलेटाचं. तोंडातून लांब मान निघालेली, शेपटीला तारा अडकवलेल्या आणि डोळ्याच्या जागी गोल भोक. माझा आवाज त्या डोळ्यातून बाहेर पडायचा. थोडा माशाचा वास माझ्या अंगाला येतो, हे मात्र खरं. तो कसा लागला तेच सांगायचंय.

माझा जन्म वेसाव्याच्या कोळीवाड्यात झाला, ब्याऐंशी सालच्या पावसाळ्यात. मला घडवलं हरेश्वरने. तो होड्या बांधतो. त्याच्या लेकीला, सगुणाला, तिच्या अनंतामामाने आपल्या जुन्या मँडोलिनवर वाजवायला शिकवलं होतं. ते माळ्यावरून पडून फुटलं, तेव्हा सतरा वर्षांची ही घोडी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी हरेश्वरने फुटक्या वाद्याच्या खुंट्या काढल्या आणि होडीचं उरलेलं सागवान पुढ्यात ओढलं.

"बाबा, मँडोलिन असं नसतं," सगुणा म्हणाली.

"मना होरी येते, नाय तं मासली येते. होरीला तारा लावल्या तं लोक हसतील. मासली घे."

लोक तरीही हसले. पण सगुणाने तार छेडली आणि सगळे गप्प झाले. माझा आवाज स्वच्छ होता हो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण आता माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच उरलंय. वर्षभर कोळीवाड्यातली एकही हळद माझ्याशिवाय झाली नाही. मी तर फुगून गेलो होतो.

अशाच एका हळदीला कुंडलिक आला होता. राहणारा घाटकोपरचा, दिवसा ट्रॉम्ब्याला नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचा ऑर्केस्ट्रा. सगुणाचं वाजवणं संपेपर्यंत त्याने हातातला चहा तोंडाला लावला नाही.

"काय हात आहे गं पोरी तुझा! आणि मासा पण झकास. श्रावणात आमचा घाटकोपरला कार्यक्रम आहे, तिथं दोन गाणी वाजव. जमलं तर कायमची आमच्यात ये."

त्या दिवसापासून सगुणाला दुसरं काही सुचेना. भाजी चिरतानाही तिची बोटं विळीच्या पाटावर चालायची. आई अंजनाबाई ओरडायची, पण बाजारात टोपलीपुढे बसली की ज्याला त्याला तेच सांगायची.

नारळी पौर्णिमा जवळ आली. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात जायच्या, म्हणून त्यांना आतून-बाहेरून माशाचं तेल पाजायचं काम निघालं. हरेश्वरने ओळीने सगळ्या होड्या केल्या, आणि शेवटी डब्यात उरलेलं तेल घेऊन माझ्यापाशी आला. लेक पहिल्यांदाच गावाबाहेर वाजवणार. तिचं वाद्य कोरडं कसं पाठवायचं?

त्याने तारा काढल्या. मायेने, बोटाबोटाने मला तेल चोळलं. मग डोळ्यातून आत तेल ओतलं, मला हलवून सगळीकडे फिरवलं आणि वाळत ठेवलं. असे तीन हात दिले. आठ दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

मला ते तेल आवडलं, हीच माझी खरी लाज. इतक्या प्रेमाने मला कुणी कुरवाळलं नव्हतं. लाकूड जड होत होतं, सुस्तावत होतं, आणि मला वाटलं, सुख म्हणतात ते हेच.

कार्यक्रमाच्या दिवशी हरेश्वरने तारा चढवल्या आणि बोटाच्या पेराने माझ्या पोटावर ठोकून पाहिलं. दबका आवाज आला. तो खूश झाला. होडीच्या फळीचा असा आवाज आला की समजायचं, फळी भरली, आता पाणी पिणार नाही.

"वाजव गो बाय."

सगुणाने तार छेडली. आतल्या आत काहीतरी थडथडलं आणि विझलं. तिने बापाकडे पाहिलं. तो तेलकट हात पुसत हसत उभा होता.

"मस्त झालंय, बाबा," ती म्हणाली.

घाटकोपरला तिने जीव तोडून वाजवलं. मीही जीव तोडला, पण पहिल्या रांगेपलीकडे काही पोचलं नाही. मागून लोक "आवाज, आवाज" ओरडले. कुंडलिक माणूस वाईट नव्हता. पडद्यामागे येऊन म्हणाला, "रडू नकोस. हात चांगला आहे तुझा, वाद्याची वाट लागलीय. दुसरं साधं मँडोलिन घेऊन ये. मी जागा ठेवतो."

घरी हरेश्वर दारातच उभा होता. सगुणा म्हणाली, "बाबा, मी घाबरले. हातच चालला नाय."

अंजनाबाईने तिला चुलीपाशी गाठलं. "खरा सांग. तेलाने झाला ना?"

"आई, बोलू नको. तीस वर्षांत त्यांच्या एका होरीत पानी शिरला नाय. आता दुसरा मँडोलिन आनला तं काय सांगू त्यांना?"

ती परत घाटकोपरला गेली नाही. कुंडलिकने दोनदा निरोप धाडला, मग तोही थांबला. सुतळीने बांधून हरेश्वरने मला भिंतीवर टांगलं.

आता नव्वद साल येईल. सगुणाचं लग्न इथेच दोन आळ्या सोडून झालं. सकाळी ती आईच्या शेजारी अंधेरीच्या बाजारात मासे विकते. तिची पाच वर्षांची मथुरा मला बोट दाखवून विचारते, तेव्हा हरेश्वर सांगतो, "तुजी आय भारी वाजवायची. पन स्टेजवर घाबरली." मग मथुरा टाळ्या पिटत "आई भित्री, आई भित्री" करत घरभर नाचते. सगुणा हसते. मला ते हसणं बघवत नाही.

गेल्या महिन्यात जावयाचा मित्र श्यामकांत आला होता. वाद्यांतला जाणकार. त्याने मला उतरवलं, ठोकलं, डोळ्याला नाक लावलं. "अहो, यात तेल कुणी ओतलं? सोन्यासारखं वाद्य मारून टाकलं!"

हरेश्वरने मान वर केली. सगुणाने झटकन मला त्याच्या हातातून घेतलं. "माझ्याच हातून सांडला, लग्नाआधी," ती म्हणाली.

हरेश्वरने मला तिच्याकडून घेऊन परत भिंतीवर टांगलं. त्याला पटलं असेल. पटलं असावं, अशी मी रोज आशा करतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, हात मला नाहीत तरी. कधी वेसाव्याला आलात आणि भिंतीवर मी दिसलो, तर कौतुक करा, नावं ठेवा, हसा हवं तितकं. पण खाली उतरवून वाजवायला मागू नका. म्हातारा समोरच बसलेला असतो.