उष्टं नाव

वर्षाराणीनं हेडफोनचा एक कान मागं सरकवला, मांडीवरच्या लॅपटॉपवर बोट टेकवलं आणि मैनेकडून तेवढं एकच अक्षर पुन्हा म्हणवून घेतलं. अजून खरखरत होतं. मैना बाकी सगळं गोड गायची, पण जोडाक्षर आलं की घशात शेंगदाणा अडकल्यासारखं करायची. वर्षाराणीनं अक्षर जरा ताणलं, त्याच्या आधी चिमूटभर श्वास ठेवला आणि परत ऐकलं. आता बरं वाटलं. कुणीतरी खरंच खाली वाकून नाव घेतंय असं.

"राणी, उठ गं," पाळण्याला झेंडूची माळ बांधत उमाबाई म्हणाल्या. "बाया येऊन राहिल्या. तू आत्या हायस का मांडवाचा मिस्तरी?"

"झालंच आई. एवढं एक अक्षर."

"मगापासून तेच चाललंय. तुझं अक्षर बसंस्तोवर पोरगी शाळंत जाईल."

मैना म्हणजे कुणी बाई नव्हती. मुदखेडच्या मृण्मयी नावाच्या मुलीनं बाराखडीतला एकेक आवाज म्हणून रेकॉर्ड करून दिला होता. नांदेड, लातूर, उदगीरकडच्या काही हौशी माणसांनी ते तुकडे जोडून संगणकात गाणारा गळा तयार केला होता. घरच्यांच्या भाषेत, रिकामटेकड्यांनी. सगळं फुकट. कुणीही शब्द लिहावेत, चाल बांधावी, मैनेकडून गाऊन घ्यावं. उदगीरचा गुंडप्पा तिला हुरड्याची गाणी म्हणायला लावायचा, कुणी आरत्या, कुणी नवऱ्याला मारायचे टोमणे. नांदेडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी वर्षाराणी पाळण्यांसाठी प्रसिद्ध होती. लोक बाळाचं नाव पाठवायचे, ती मैनेकडून पाळणा गाऊन घेऊन परत पाठवायची. अनोळखी पोरांची अर्धी आत्या ती कधीच झाली होती. खरीखुरी आजच होणार होती. धाकट्या भावाची, शिवकुमारची, पहिली मुलगी.

या घरात नाव आत्याच ठरवायची. आईबापानं विचारायचं नाही, आत्यानं सांगायचं नाही. पाळण्यात वाकून कानात आधी कुर्र करायचं, मग नाव सांगायचं. पहिलं बाळानं ऐकायचं, त्यानंतर जगानं. वर्षाराणीला ते नाव श्रावणातच सुचलं होतं, भावजयीचे, शिवलीलाचे, दिवस भरायच्या कितीतरी आधी. जिभेच्या टोकावर येऊन गिळलं होतं, किती वेळा. मैनेशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

बारसं खरं तर नांदेडला, शिवलीलाच्या माहेरी व्हायचं. पण त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिना असा की पाळणा उभा करून न्यावा लागला असता. इकडं मुरुडला वर्षाराणीच्या वडलांचा, वीरण्णाचा, मांडवाचा आणि साउंडचा धंदा. मांडव घरचा, स्पीकर घरचे, लग्नात लावायची मोठी स्क्रीनसुद्धा घरची. सकाळीच स्वामी येऊन लिंगायत रीतीप्रमाणे बाळाच्या गळ्यात लिंग बांधून गेले होते. आता बायका चपला काढत होत्या.

सगळ्यात पुढं शेजारच्या गिरिजाकाकू. हातात झबलं-टोपडं, तोंडभर हसू.

"कुठाय गं आमची शर्वाणी? बघू तरी!"

वर्षाराणीचं बोट लॅपटॉपवर तसंच राहिलं.

"कोण, काकू?"

"अगं तुझी भाची! शर्वाणी. लई गोड नाव काढलंस बघ."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? गाणं आलंय की मोबाइलवर. माझ्या सुनेनं दाखवलं, तिच्या बहिणीनं पुण्याहून धाडलं. आमच्या गल्लीत समद्यांनी ऐकलं सकाळी."

काकूंनी मोबाइल काढून पुढं धरला. पडद्यावर आर्वी गात होती. ही एका मोठ्या कंपनीची गायिका. माणूस तीही नव्हती, पण तिला लाखो चाहते होते, जांभळे केस होते, जरीची नऊवारी होती आणि कधीच घाम न येणारा चेहरा होता. शब्द वर्षाराणीचे होते. मामाच्या मोटारसायकलवर बसून थंडी आली, ही तिची ओळसुद्धा जशीच्या तशी. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी शर्वाणी, शर्वाणी, शर्वाणी. एकदाही न अडखळता. नावाआधी श्वास नाही, वाकणं नाही. दुकानातल्या काट्यावर वजन सांगावं तसं.

वर्षाराणी उठली. लॅपटॉप खुर्चीवर राहिला. शिवकुमार स्क्रीनजवळ उभा राहून वायर जोडत होता.

"शिवा, हे काय हाय?"

त्यानं मोबाइलकडं पाहिलं आणि खूश होऊन हसला. "कळलं व्हय तुला? सरप्राइज होतं, ताई. काल आप्पा स्पीकर तपासून राहिले होते ना, तेव्हा तुझा लॅपटॉप उघडाच होता. शब्द उतरवून घेतले आणि आर्वीला दिले. स्पेशलवाल्या पॅकेजमध्ये. त्यात गाणं तिच्या चॅनलवर लागतं."

"नाव होतं त्यात."

"मग? नावाशिवाय पाळणा कसा व्हईल?"

"नाव होतं त्यात, शिवा."

"अगं, लाखो लोकांपुढं आपल्या पोरीचं नाव घेतलंय तिनं! इथं मांडवात किती, शंभर बाया. तुझी मैना चांगली हाय, मी न्हाई म्हणतो का? पण पडसं झाल्यासारखी गाते गं ती. माझ्या ऑफिसातले लोक व्हिडिओ बघणार."

"मी तुझ्या ऑफिसातल्या लोकांची आत्या न्हाई."

"आता तू खामखा…"

"काढून टाक ते."

त्यानं ऐकलं. हे मात्र खरं, मोबाइल घेऊन बसला आणि खटपट केली. वर्षाराणी शेजारी उभी. आधी ओटीपी आला. मग एक हसरा चेहरा आला, 'मी आर्वी, तुम्हाला कशी मदत करू?' म्हणाला. शिवकुमारनं लिहिलं, गाणं काढायचंय. चेहऱ्यानं विचारलं, आणखी एक गाणं हवंय का? त्यानं पुन्हा लिहिलं. चेहऱ्यानं कळवलं की प्रसिद्ध झालेलं गाणं आर्वीच्या कुटुंबाचं झालं, तक्रार असल्यास सात कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल, आणि बाळाला खूप खूप आशीर्वाद.

"माणूस न्हाई का कुणी तिथं? फोन लावायला?"

"नंबरच न्हाई दिलेला."

"पैसे घ्यायला व्हता का?"

शिवकुमार पुन्हा वायरीकडं वळला.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. गुंडप्पा होता.

"अक्का, आपलं मैनेच्या गाण्यांचं चॅनल बंद पडलंय!"

"म्हणजे?"

"तुम्ही आजचा पाळणा रात्री चढवून ठेवला होता ना, दुपारी आपोआप लागायला? त्यावर नोटीस आलीय. हे गाणं आर्वीचं हाय म्हणते. चोरलं म्हणते आपण. समदंच कुलूपबंद केलंय. तुमचे पाळणे, माझा हुरडा, समदं."

"शब्द माझे हायत, गुंडप्पा."

"मला ठावं हाय ओ. त्या मशीनला कोण सांगणार? अक्का, पण शब्द तिच्याकडं गेले कसे?"

वर्षाराणीनं भावाकडं पाहिलं. तो वायरीचं टोक उगीच फिरवत होता.

"नंतर सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला.

मांडवात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. शिवलीला बाळाला घेऊन बाहेर आली तशी सगळीकडून एकच गिल्ला झाला. शर्वाणी आली, शर्वाणी इकडं बघ, शर्वाणी बापावर गेलीय गं. शिवलीलानं गोंधळून नवऱ्याकडं पाहिलं, मग नणंदेकडं. तिलाही ते नाव पहिल्यांदाच कळत होतं आणि शेजारणीकडून कळत होतं.

वर्षाराणी मांडवामागं गेली. तिथं जनरेटरजवळ वीरण्णा पालथ्या बादलीवर बसून पान लावत होता. पन्नाशी उलटली तरी गावात त्याच्या खोड्यांना लोक टरकून होते. रुसून बसलेल्या व्याह्यासमोर त्यानं एकदा स्पीकरवरून त्याचंच घोरणं ऐकवलं होतं.

"ऐकलं समदं," तो म्हणाला. "रडून राहिलीस?"

"न्हाई."

"मग नाक कामून लाल?"

"आप्पा, खोड्या नकोत आज."

"खोडी कुठं? धंदा माझा. वायर माझी." त्यानं पान तोंडात सारलं आणि डोळा मारला. "तू फक्त जाऊन पाळण्याजवळ हुबी राह्य."

पाळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देता-घेता बायका म्हणाल्या, कुणी बसव घ्या, कुणी शंकर घ्या. बाळानं मधेच जांभई दिली. मग शिवकुमारनं बटण दाबलं आणि स्क्रीनवर आर्वी आली, सहा फुटांची. मोबाइल वर झाले. पहिलं कडवं झालं, दुसरं अर्ध्यावर आलं आणि आवाज गेला. आर्वीचे ओठ हलत राहिले. हात उंचावला, मान वेळावली, डोळे मिटून तान घेतली असावी. ऐकू काहीच नाही. फक्त मागच्या जनरेटरची भडभड.

आधी एक पोरगी फिसकन हसली, मग सगळा मांडव.

"बाई मुकी झाली गं!"

"दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळा!"

वीरण्णा स्पीकरची उपटलेली पिन हातात घेऊन कनातीच्या फटीतून डोकावला आणि लेकीकडं पाहून हनुवटीनं लॅपटॉप दाखवला. लाव आता तुझी मैना. तिथं गाण्याची तिची स्वतःची प्रत होती, तिच्यापर्यंत नोटीस पोचत नव्हती. शिवकुमारसुद्धा घाम पुसत म्हणाला, "लाव ताई. तुझंच लाव."

वर्षाराणीनं लॅपटॉप उघडला. पाळणा तयार होता. ताणलेलं अक्षर, चिमूटभर श्वास, सगळं जागच्या जागी. तिचं बोट बटणावर गेलं. समोर गिरिजाकाकू टाळ्यांच्या तयारीत होत्या. कुणीतरी म्हणालं, लाव गं, शर्वाणीचं नाव ऐकू दे परत.

परत.

तिनं लॅपटॉप मिटला.

"आप्पा," ती कनातीकडं बघून म्हणाली, "पिन लावा जागेवर."

"अगं पर…"

"लावा. गाऊ द्या तिला. नाव उष्टं झालंय, आता कुणी का वाढंना."

वीरण्णाचं तोंड पान खाताना थांबलं. इतक्या वर्षांत खोडी जमून फसलेली त्याला आठवत नव्हती. त्यानं पिन लावली. आर्वी मधल्याच शब्दापासून गाऊ लागली, काही झालंच नाही अशी. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, व्हिडिओ झाले. कुणीकुणी लगेच पुढं धाडले.

"आत्या, चला! नाव सांगा!" बायका ओरडल्या. काही जणी पाठीवर धपाटे घालायला बाह्या सावरून तयार.

"आता काय सांगायचं? समद्यांना ठावंच हाय की," कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

"ठावं असू दे न्हाईतर नसू दे," उमाबाई करड्या आवाजात म्हणाल्या. "आत्याच्या तोंडून पडल्याबिगर नाव न्हाई. वाक, राणी."

वर्षाराणी वाकली. पाळण्यात अंधारासारखं ऊबदार होतं, तेलाचा आणि धुरीचा वास होता. बाळाचे डोळे अर्धे मिटलेले. तिनं दोन्ही तळव्यांचा आडोसा केला, त्या इवल्या कानाशी कुर्र केलं. बाळानं ओठ मुरडले. मग ती तशीच वाकून राहिली. बायका थांबल्या. एकीनं हात उगारून धरलेला दुखायला लागला.

"काय गं, इसरली का?"

वर्षाराणीनं एक श्वास घेतला आणि सांगितलं.

धपाधप धपाटे बसले. "काय ठेवलं, काय ठेवलं?" असं विचारत विचारत बायकांनी स्वतःच उत्तर दिलं, "शर्वाणी!" आणि घुगऱ्यांच्या परातीकडं वळल्या. वर्षाराणी पाठ चोळत सरळ झाली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पाळण्याची दोरी धरून बसलेली शिवलीला मात्र दोरी ओढायची विसरली होती. तिचं डोकं पाळण्याला टेकलेलं होतं. तेवढ्या जवळून तिला ऐकू गेलं होतं. तिनं नणंदेकडं पाहिलं. वर्षाराणीनं नजर चुकवली नाही. जरा वेळानं शिवलीलानं दोरी ओढली, पाळणा हलला, आणि ती तिकडं वाकून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली, जिभेवर बसतंय का बघितल्यासारखं.

दुपार कलली तसा मांडव रिकामा झाला. गिरिजाकाकू जाताजाताही "येते गं शर्वाणी" म्हणून गेल्या. आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. शिवकुमारनं उचललं, खांद्यावर घेतलं, फेऱ्या मारल्या. शर्वाणी, ए शर्वाणी, बघ बघ. रडं वाढलं. शिवलीलानं हात पुढं केले, बाळाला घेतलं आणि कानाजवळ काही म्हणाली. बाळ रडतच होतं. त्याला भूक लागली होती.

पण शिवकुमारनं ऐकलं होतं. पूर्ण नाही, शेवटचं तेवढं. शर्वाणीचा शेवट तसा होत नव्हता.

"काय म्हणालीस तिला?"

"नावानं हाक मारली."

"कुठल्या?"

शिवलीला भिंतीकडं तोंड करून बाळाला पाजायला बसली. "ताईंना विचारा."

वर्षाराणी दारातच होती. बॅग भरून झाली होती. नांदेडची गाडी गाठायची होती, तिथून पुढं गुंडप्पाला काय सांगायचं ते ठरवायचं होतं. शिवकुमारनं तिच्याकडं पाहिलं. सकाळपासून त्याला कितीजणांनी अभिनंदनाचे मेसेज धाडले होते. प्रत्येकात नाव होतं.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "मला तरी सांग. बाप हाय मी."

ती त्याच्या शर्टाच्या खिशाकडं बघत राहिली. खिशातून मोबाइलचा उजेड कापडावर आला होता. अजून कुणीतरी काहीतरी धाडत होतं.

शिवकुमारनं खाली पाहिलं. मोबाइल काढला. ओसरीवर जाऊन वीरण्णाच्या हातात दिला, "बंद करा," म्हणाला. वीरण्णानं एकदा मोबाइलकडं, एकदा पोराकडं पाहिलं आणि बंद केला.

तो परत आत आला. तळहात पँटीला पुसले. बहिणीपेक्षा तो वीतभर उंच होता, म्हणून गुडघ्यात वाकून त्यानं कान पुढं केला.

वर्षाराणीनं आधी शिवलीलाकडं पाहिलं. शिवलीलानं होकाराची मान हलवली.