धुराडं घड्याळाच्या उजवीकडे

अख्खं गाव ज्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं, त्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिकेने चाळीस वर्षं आठवीच्या वर्गाला तोंड दिलं होतं. पण गावाच्या स्मारक समितीने दिलेल्या या कामाने त्यांच्या नाकी नऊ आणले. युद्धात किनाऱ्यावरच्या माणसांचं काय काय झालं ते लिहून काढायचं, एवढंच काम. सहा महिन्यांत उरकेल असं बाईंना वाटलं होतं. दोन वर्षं झाली.

कारण काय, तर या किनाऱ्यावरचा एकही माणूस कुठलीही गोष्ट कुठे घडली ते खरं सांगत नाही. मासळी कुठे लागली हे सख्ख्या भावालाही कळू द्यायचं नाही, आणि फारच खोदून विचारलं तर धडधडीत चुकीची जागा सांगायची, हे इथे आईच्या दुधातूनच मिळतं. बॉम्ब कुठे पडला म्हणून विचारलं, तर चार म्हाताऱ्यांनी चार दिशा दाखवल्या. अहो, बॉम्ब तो, बांगडा नव्हे. पण सवय ती सवय.

इतरांचं एक वेळ चाललं असतं. पण बाईंचा जीव अडकला होता तो स्वतःच्या वडिलांच्या नावात. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी, नौदल होड्या आणि होडीवाल्यांना सक्तीने कामाला घेणार होतं त्याच्या तोंडावर एका संध्याकाळी वडील होडी घेऊन गेले ते गेलेच. बंदराच्या दप्तरात नोंद झाली, 'होडीसह फरार'. तेव्हा बाई सात वर्षांच्या होत्या. युद्धात गेलेल्यांची नावं कोरायला पाथरवट शुक्रवारी येणार होता आणि समितीचं म्हणणं साफ होतं: होडी बुडाली असेल तर कुठे ते सांगा, सागरी सर्वेक्षणाच्या नकाशाशी जुळलं तर नाव घेऊ. त्या नकाशावर तळाशी पडलेल्या लाकडी होड्यांच्या अकरा फुल्या होत्या. काही माहीत असलंच तर ते फक्त आत्याला, वडिलांच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या धाकट्या बहिणीला.

आणि आत्या ताकास तूर लागू देत नव्हती. पहिल्या खेपेला ती म्हणाली, समुद्रातून पाहताना दीपगृह खडकाआड गेलं आणि बर्फाच्या कारखान्याचं धुराडं बंदराच्या घड्याळाच्या डावीकडे चार बोटं दिसलं, की ती जागा. बाईंनी घरी येऊन नकाशावर पट्टी लावली. तिथे फुली नव्हती. दुसऱ्या खेपेला आत्याने दीपगृहच बदललं. तिसऱ्या खेपेला म्हणाली, मला काय माहीत, मी कधी होडीत बसले का.

बुधवारी बाई चौथ्यांदा गेल्या. आत्या खिडकीपाशी मुलाचं फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. सुई अजूनही बरोबर जाळ्याच्या घरात पडत होती. बाईंनी नकाशा पसरला, आत्याने तो चहाच्या कपासाठी बाजूला सारला. तेव्हा मात्र बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या म्हणाल्या, ठीक आहे, मी हात टेकले. दगडावर नाव नको. पण पुस्तकात दप्तरातली नोंद जशीच्या तशी छापावी लागेल. आणि त्यांनी ती वर्गात वाचावी तशी खणखणीत वाचून दाखवली, नाव, होडीचा नंबर आणि शेवटी 'फरार'.

आत्याची सुई थांबली.

"दादा फरार नाही झाला," ती म्हणाली.

मग एकेक बाहेर आलं. दादाच्या जाळ्यात पाणसुरुंग आला होता. त्याने जाळं कापून सोडून दिलं, घरी आला आणि बहिणीला म्हणाला, आता नौदलाला जागा सांगायला हवी. पण जागा म्हणजे घराण्याची सगळ्यात चांगली जागा. दादाची होडी तिथेच जायची, आत्याच्या नवऱ्याचीही. आत्याने त्याला सुचवलं, थोडं इकडेतिकडे करून सांग, ते शोधतील बरोबर. दादाने अधिकाऱ्याला सांगितलं, धुराडं घड्याळाच्या डावीकडे. नौदलाने तिथे दोन दिवस पाणी विंचरलं, काही मिळालं नाही. समुद्र मोकळा आहे, उद्या होड्या निघू द्या, असा हुकूम निघाला. आता खरं सांगावं तर खोटी खबर दिली म्हणून तुरुंग. शेवटी दादा त्या संध्याकाळी धोक्याची खूण म्हणून पाण्यावर तरंगणारा लाल बोया लावायला एकटाच त्या जागी गेला.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या नवऱ्याला तो बोया दिसला, दादाच्या हातच्या गाठीचा. भोवती फळ्या तरंगत होत्या; ते त्याने फक्त आत्यालाच सांगितलं. बोया पाहून सगळ्या होड्या लांबून वळल्या आणि सगळ्या घरी आल्या.

बाईंना रडू यायला हवं होतं. त्यांना आला तो संताप. शाळेत मला फरारीची पोर म्हणायचे, त्या म्हणाल्या, आई बाजारात खाली मान घालून जायची आणि तशीच मेली. "आणि तू रोज सकाळी येऊन माझ्या वेण्या घालायचीस. साठ वर्षं, आत्या. एकदाही तुला बोलावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं," आत्या म्हणाली. "पण डावीकडे सांग असं मी म्हटलं होतं ना."

बाईंनी पट्टी काढली. दीपगृह खडकाआड, पण धुराडं घड्याळाच्या उजवीकडे चार बोटं. पट्टी सातव्या फुलीवर येऊन थांबली. बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं, 'लाकडी होडी, नाव अज्ञात'. बाईंनी त्या फुलीवर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं.

मग समितीचा अर्ज काढून त्यांनी 'मृत्यूचं ठिकाण' या रकान्यात सगळं ठळक अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी आत्यापुढे ठेवलं. आत्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. हे पुस्तकातही छापणार का, विचारलं. बाई हो म्हणाल्या.

"मग तेवढं डावीकडे कर ना गं," आत्या म्हणाली. "माझ्या पोराचं पोट आहे त्या जागेवर."

बाईंनी कपाळाला हात लावला. ओरडायला तोंड उघडलं, पण निघालं ते अगदी हळू.

"आत्या, एकदा डावीकडे करून झालंय."

आत्या मांडीवरच्या जाळ्याकडे बघत राहिली. मग तिने ते बाजूला ठेवलं, कागद जवळ ओढला आणि सही केली.